घरी ओतलेल्या रायफलच्या गोळ्यांना पहिल्यांदा पावडर कोटिंग करताना

शिशाची उघडी गोळी रायफलच्या नळीतून वेगाने गेली की थोडं शिसं नळीतच राहतं. पहिल्या दहा-पंधरा बारांत ते कळत नाही. मग कागदावरची भोकं पांगायला लागतात आणि सगळी संध्याकाळ नळी घासण्यात जाते. यावरचा जुना उपाय म्हणजे मेण आणि ग्रीसचं मिश्रण गोळीच्या कडेच्या खाचांत भरणं. तो आजही चालतो, पण हात चिकट होतात, उन्हाळ्यात गाडीत राहिलेल्या काडतुसांतलं मेण पाझरतं आणि बाराबरोबर धूर होतो. म्हणून अमेरिकेत घरी ओतकाम करणारे बरेच जण आता पावडर कोटिंगकडे वळले आहेत. खिडकीच्या ग्रिलवर किंवा सायकलच्या सांगाड्यावर जो भाजलेला रंग असतो, तोच हा. कोरडी पॉलिएस्टर पावडर स्थिर विजेने गोळीला चिकटवायची आणि भट्टीत भाजायची. शिसं आणि नळी यांच्यामध्ये एक चिवट थर तयार होतो.

आधी शब्दांचा गोंधळ काढून टाकतो. आपण मराठीत अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. इथे गोळी म्हणजे फक्त पुढचा शिशाचा तुकडा, जो नळीतून बाहेर जातो. पावडर म्हणजे रंगाची पावडर. काडतुसात भरतात ती दारू.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि हा लेख अमेरिकेत रीतसर रायफल बाळगणाऱ्या, स्वतःची काडतुसं स्वतः भरणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. राज्यांचे नियम निराळे असतात, ते आपापले पाहा. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे आणि वर रंग चढवल्याने ती उठत नाही. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ खाली दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, तेव्हा गावाकडच्या वाचकांनी हे करून पाहू नये.

रंगाआधी मोजमाप

नवा माणूस सगळं लक्ष रंगाकडे देतो. मीही तेच केलं आणि पहिल्या शंभर गोळ्या परत वितळवल्या. रंग छान होता, पण गोळ्या रायफलमध्ये बसेनात. थराची जाडी प्रत्येक बाजूला साधारण एक हजारांश इंच धरली, तर व्यास दोन हजारांशाने वाढतो. रायफलमध्ये दोन हजारांश ही मोठी गोष्ट आहे.

म्हणून पहिलं काम नळी मोजायचं. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहा. नळीत तेलाचा हलका हात फिरवा आणि मऊ, शुद्ध शिशाचा नळीपेक्षा किंचित मोठा गोळा लाकडी मोगरीने आत ठोकून जाड दांड्याने हळूहळू दुसऱ्या टोकाला बाहेर काढा. त्यावर नळीतल्या पेचदार खाचांचा ठसा उमटतो. तो मायक्रोमीटरने मोजा. साधा कॅलिपर इथे पुरत नाही. माझी रायफल ३०-३० या काडतुसाची, लिव्हरवाली, म्हणजे खालचा दांडा ओढून काडतूस आत घेणारी. तिच्या खाचांचा व्यास ०.३०८ इंच भरला. ओतीव गोळी त्याहून एक ते दोन हजारांश मोठी हवी, म्हणजे थर चढवून आणि साइझ करून (ठरलेल्या व्यासाच्या भोकातून ढकलून) ०.३०९ ते ०.३१०. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

सामान

पॉलिएस्टरची पावडर, एक पौंड. पुष्कळ दिवस पुरते. पाच नंबरचा त्रिकोण छापलेला, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा. एअरसॉफ्ट बंदुकीतले सहा मिलिमीटरचे काळे प्लास्टिकचे मणी, वाटीभर. लांब चिमटा. न चिकटणारी अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा सिलिकॉनची चटई. पंखा असलेला टोस्टर ओव्हन. थर्मोकपल (टोकाशी तापमान मोजणारी तार) जोडलेला डिजिटल तापमापक. गोळी ढकलून साइझ करायचा डाय, नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मास्क आणि अ‍ॅसिटोन.

ओव्हनबद्दल एकच गोष्ट, पण ती पाळाच. ज्या ओव्हनमध्ये एकदा शिशाच्या गोळ्या गेल्या, त्यात पुन्हा कधीही अन्न जाता कामा नये. जुन्या सामानाच्या दुकानातून वेगळा आणा, त्याच्या दारावर रंगाने ठळक लिहा आणि तो गॅरेजमध्येच ठेवा. स्वयंपाकघरात हे काम करायचंच नाही.

ओतकाम

कोल्हापूरला शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी नोकरीची पहिली चार वर्षं काढली. ओतकामाचं सविस्तर इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. पण ज्या गोष्टी पुढे रंगात बाधतात त्या सांगतो.

मी ली कंपनीचा १७० ग्रेनचा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), चपट्या नाकाचा साचा वापरतो. चपटं नाक हौसेसाठी नाही. लिव्हरच्या रायफलमध्ये काडतुसं नळकांड्यात एकामागे एक बसतात, आणि टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, ठोकल्यावर पेटणाऱ्या टोपीवर) टेकून धक्क्याने बार उडू शकतो.

मिश्रधातूत शिसं, थोडं कथील, थोडा अँटिमनी. लायमन कंपनीच्या जुन्या दोन नंबरच्या मिश्रणात ९० भाग शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी असतो. जुनी चाकाची वजनं वितळवत असाल तर जस्ताची वजनं आधीच निवडून काढा. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ ला. रस ३७० च्या आसपास ठेवला तर चुकून आलेलं जस्ताचं वजन न वितळता वर तरंगतं आणि मळीबरोबर काढता येतं. एकदा जस्त रसात मिसळलं की साचा नीट भरत नाही.

रसाजवळ पाण्याचा थेंबही नको. ओल असलेली लगड किंवा गार, दमट पळी रसात गेली की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तप्त शिसं उडून अंगावर येतं. पूर्ण बाह्या, चामड्याचे हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड, बंद बूट. पाऊस भुरभुरत असेल तर उघड्यावर ओतू नका.

निवड कडक करा. बूड गोल आणि धारदार हवं, कडा पूर्ण भरलेल्या हव्यात, अंगावर सुरकुती नको. रंग खड्डा लपवतो, बुजवत नाही. बुडाची कड अर्धवट असलेली गोळी लाल रंगात कितीही देखणी दिसली तरी कागदावर बाजूलाच जाणार.

गॅस चेक आणि सफाई

रायफलच्या बहुतेक ओतीव गोळ्यांच्या बुडाशी तांब्याची छोटी वाटी बसते, तिला गॅस चेक म्हणतात. ती मागून येणाऱ्या तप्त वायूपासून बूड वाचवते. रंग आधी दिला तर बुडाचा तो अरुंद भाग जाड होतो आणि वाटी बसता बसत नाही. म्हणून मी वाटी आधी बसवतो. गोळी ०.३१० च्या डायमधून एकदा ढकलली की वाटी पक्की होते. मग रंग, मग पुन्हा त्याच डायमधून. दोनदा काम होतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याने हाच क्रम धरावा.

आता सफाई. लहानपणी मिरजेत आमच्या वाड्यासमोर कल्हईवाला बसायचा. आईने दिलेलं पातेलं तो आधी बोटाने चोळून पाहायचा आणि तेलकट लागलं की परत करायचा, पुन्हा घासून आणा म्हणायचा. तेलकट भांड्याला कथील धरत नाही. पावडरचंही तसंच आहे. डायमधलं तेल, साच्याचं वंगण, बोटांचा घाम, यांतलं काहीही गोळीवर राहिलं की त्या जागी रंग फाटतो आणि माशाच्या डोळ्यासारखं गोल उघडं भोक राहतं. गोळ्या अ‍ॅसिटोनमध्ये घोळवा, जुन्या सुती कपड्यावर पसरा, पूर्ण वाळू द्या. हे बाहेर करा. अ‍ॅसिटोनची वाफ लगेच पेट घेते, तेव्हा जवळ ओतकामाची शेगडी किंवा तापलेला ओव्हन नको. यापुढे गोळ्यांना उघडा हात लावू नका.

हलवणं

डब्यात वाटीभर मणी, चमचाभर पावडर. आधी नुसते मणीच अर्धा मिनिट फिरवा, म्हणजे त्यांच्यावर पावडरची साय धरते. मग पन्नास गोळ्या टाका, झाकण लावा आणि डबा गोल गोल, जोरात, मिनिटभर फिरवा. मणी, डबा आणि पावडर एकमेकांवर घासून स्थिर वीज तयार होते आणि पावडर गोळ्यांना लपेटते. झाकण उघडण्याआधी थोडं थांबा, धूळ बसू द्या. मास्क लावलेलाच हवा. ही पावडर फार बारीक असते, फुप्फुसात जायला नको. हवेत उडालेली अशी पावडर ज्वाळेजवळ पेटू शकते, म्हणून शेजारी उघडी आग नको.

चमचाभर पावडर कमी वाटते, पण जास्त टाकली तर गुठळ्या होतात आणि थर असमान बसतो. पुढच्या घाण्याला थोडी थोडी वाढवा.

हवामानाचा परिणाम मोठा आहे. इथे जानेवारीत हवा इतकी कोरडी असते की पावडर डब्यातून उडी मारून गोळीला चिकटते. जुलैच्या दमट दुपारी तीच पावडर घसरून जाते. अशा वेळी गोळ्या ओव्हनमध्ये कोमट करून घ्या, हाताला चांगल्या गरम लागतील इतपतच, आणि मग हलवा. किंवा गॅरेजमध्ये डीह्युमिडिफायर लावून दुसऱ्या दिवशी करा. रंगारंगांतही फरक असतो. माझ्याकडे पांढरा सर्वांत हट्टी निघाला. पहिल्यांदा लाल किंवा निळा घ्या आणि एकाच रंगावर हात बसू द्या.

आता चिमट्याने एकेक गोळी उचला. नाकाजवळ हलकेच धरा, चिमटा डब्याच्या कडेवर एकदा टिचकी मारल्यासारखा आपटा म्हणजे जास्तीची पावडर झडेल, आणि गोळी फॉइलवर बुडावर उभी करा. दोन गोळ्यांत बोटाएवढं अंतर ठेवा. चिमट्याच्या खुणेची काळजी नको, पावडर वितळताना ती बुजते. कुठे शिसं उघडं दिसलं तर गोळी डब्यात परत टाका. पिस्तुलाच्या गोळ्या काही जण जाळीच्या टोपलीत एकदम ओततात. त्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना डाग पडतात. रायफलला ते चालणार नाही. पन्नास गोळ्या उभ्या करायला मला वीस मिनिटं लागतात आणि ती वीस मिनिटं मी आनंदाने देतो.

भाजणं

नव्या माणसाचे सर्वांत जास्त घाणे इथेच बिघडतात, म्हणून सावकाश वाचा.

पावडरच्या डब्यावर साधारण लिहिलेलं असतं: ४०० अंश फॅरनहाइट, दहा मिनिटं. ४०० फॅरनहाइट म्हणजे सुमारे २०४ सेल्सिअस. पण हे तापमान धातूचं आहे. ओव्हनच्या बटणावर छापलेला आकडा वेगळा, आतल्या हवेचं तापमान वेगळं आणि गोळीचं वेगळं. १७० ग्रेनच्या पन्नास गोळ्या म्हणजे अर्धा किलोहून जास्त शिसं झालं. ते तापायला वेळ लागतो. बटण फिरवल्यापासून दहा मिनिटं मोजली तर रंग वरून चमकतो आणि आतून कच्चा राहतो.

वाया गेलेल्या एका गोळीला ड्रिलने बारीक भोक पाडा, त्यात थर्मोकपलचं टोक बसवा आणि ती गोळी ट्रेच्या मधोमध उभी करा. आता तुम्हाला खरं तापमान दिसेल. ओव्हन आधी तापवून घ्या, मग ट्रे हळूच आत सरकवा. काही मिनिटांत पावडरचा मखमली मटपणा जाऊन ती ओली, चकचकीत दिसायला लागते. याला भाजणं म्हणत नाहीत, ही नुसती वितळली. थर्मोकपलची गोळी ४०० ला पोचली की तिथून घड्याळ लावा. मी २० मिनिटं देतो. थोडा जास्त वेळ झाला तर रंग जरा गडद होतो, बाकी बिघडत नाही.

वेळ जास्त झाली तर चालतं, उष्णता जास्त झालेली चालत नाही. शिसं, कथील, अँटिमनीच्या मिश्रणाचा काही भाग २४० सेल्सिअसच्या आसपासच वितळायला लागतो. म्हणजे भाजण्याच्या तापमानाच्या वर जेमतेम ३५ अंशांची मोकळीक आहे. टोस्टर ओव्हनची लाल तार ज्या कोपऱ्याजवळ असते तिथे ही मोकळीक संपते. माझ्या एका ट्रेमधल्या मागच्या रांगेच्या सहा गोळ्या मेणबत्तीसारख्या कलल्या होत्या. तेव्हापासून मी तारेच्या आणि गोळ्यांच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आडवा ठेवतो आणि पहिल्या घाण्याआधी ट्रेच्या चारही कोपऱ्यांचं तापमान घेतो. तुम्हीही रिकाम्या ओव्हनमध्ये हे आधी करून पाहा.

भाजताना गॅरेजचं दार उघडं ठेवा. चालू ओव्हन सोडून घरात जाऊ नका. ट्रे काढताना धक्का देऊ नका, एक गोळी पडली की शेजारच्या दहा घेऊन पडते.

कडकपणाबद्दल थोडं. साच्यातून थेट पाण्यात टाकून कडक केलेल्या गोळ्या भाजताना पुन्हा मऊ होतात. तो कडकपणा हवाच असेल तर ओव्हनमधून काढल्या काढल्या बादलीभर पाण्यात सोडा. अँटिमनी असलेलं मिश्रण पुढच्या काही दिवसांत परत कडक होत जातं. बादली ओतकामाच्या भांड्यापासून लांब, शक्यतो वेगळ्या दिवशीच. पहिल्या घाण्याला हवेतच गार होऊ द्या. साध्या वेगाला तेवढं पुरतं.

दोन परीक्षा

प्रत्येक घाण्यातली एक गोळी खर्ची घाला. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेल्या पांढऱ्या कापडाने तिला वीस-तीसदा जोर लावून पुसा. कापडाला रंगाची पुसट छटा आली तर चालेल. रंग लिबलिबीत झाला किंवा शिसं दिसलं तर घाणा कच्चा आहे. बाकीच्या गोळ्या पुन्हा ओव्हनमध्ये घालून पूर्ण भाजता येतात, टाकून द्यायची गरज नाही.

मग तीच गोळी ऐरणीवर ठेवून हातोड्याने चपटी करा. नीट भाजलेला थर शिशाबरोबर पसरतो. तो खपल्यांनी सुटत असेल तर बहुतेक सफाई कमी पडलेली असते.

साइझ आणि बसवून पाहणं

गार झालेली गोळी मोजा. माझ्याकडे ०.३१२ च्या आसपास येते. डायमधून ढकलली की ०.३१०. रंगामुळे ती विशेष तेल न लावता सरकते. फार अडली तर ताकद लावू नका, बुडाखाली रंगाची झालर आली आहे का ते पाहा. फॉइलवर पावडर साचली की ही झालर येते. धारदार सुरीने ती कापा. तिच्यामुळे बूड तिरकं बसतं.

डाय फक्त अंग साइझ करतो, नाक त्याला लागतच नाही. नाकावरही रंग चढलेला असतो. ज्या साच्यांत नाकाचा लांब भाग नळीतल्या उंचवट्यांवर टेकायला बनवलेला असतो, तिथे हे दोन हजारांश काडतूस आत जाऊ देत नाहीत. माझ्या त्या शंभर गोळ्यांचं हेच झालं होतं. अशा वेळी लिव्हर रेटून काडतूस आत कोंबलं आणि मग न उडवता बाहेर ओढलं, तर गोळी नळीत अडकून राहते आणि दारू सगळ्या यंत्रणेत सांडते.

म्हणून आधी खोटं काडतूस करा: दारू नाही, प्रायमर नाही, नुसतं पितळी कवच आणि गोळी. कवचाचं तोंड थोडं फुलवून घ्या, नाहीतर त्याची धार गोळीवरचा रंग खरवडते. गोळी काळ्या मार्करने रंगवा, काडतूस रायफलमध्ये घालून काढा. कुठे घासलं ते मार्कर सांगेल. नाकावर चारी बाजूंनी खोल ओरखडे असतील तर गोळी आणखी आत बसवा किंवा वेगळा साचा घ्या. शेवटी हातोडीसारख्या पुलरने गोळी परत बाहेर काढून अंगावरचा रंग शाबूत आहे का पाहा.

दारू किती, ते मी लिहिणार नाही. ओतीव गोळ्यांसाठी छापलेल्या पुस्तकात तुमच्या काडतुसाचं आणि त्या वजनाच्या गोळीचं प्रमाण शोधा आणि सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरू करा. तांब्याच्या आवरणाच्या गोळीचं प्रमाण उचलायचं नाही. गोळी पुस्तकापेक्षा आत बसवली असेल तर दाब वाढतो, तेव्हा खालचाच आकडा धरा.

पहिले बार

रेंजवर जाण्याआधी नळीतलं जुनं तांबं आणि शिसं पूर्ण काढा. नाहीतर काय मागचं आणि काय नव्याने आलं ते कळणार नाही. पाच बार काढा, रायफल रिकामी करा, नळीतून उजेडाकडे बघा. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे करड्या रेघा दिसल्या तर बहुधा गोळी नळीला लहान पडते आणि वायू कडेने निसटतो. रंगाला दोष देऊ नका, मोठा डाय घ्या. नळी स्वच्छ असेल तर आणखी दहा. रेंजची परवानगी असेल तर मातीच्या बांधातून एखादी गोळी शोधा. तिच्यावर नळीच्या खाचांचे ठसे स्पष्ट आणि ठशांच्या तळाशीही रंग दिसला, तर थर पक्का आहे.

हात, कपडे, उरलेल्या गोळ्या

रंग चढलेली गोळी हाताळायला स्वच्छ वाटते, पण त्याआधीचं सगळं काम उघड्या शिशाचं असतं. शिसं शरीरात जातं ते मुख्यतः हातावरून तोंडात आणि मळीच्या धुळीतून. काम करताना चहा-पाणी, तंबाखू काही नाही. नंतर हात गार पाण्याने आणि शिसं काढणाऱ्या साबणाने धुवा. कामाचे कपडे वेगळे धुवा, बूट दाराबाहेर. लहान मुलांच्या रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर इतकं शिसंही इथली सरकारी आरोग्य यंत्रणा लक्ष देण्याजोगं मानते, इतका हा धातू मुलांना घातक आहे. गॅरेजची फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. वर्षातून एकदा डॉक्टरांना सांगून स्वतःच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. मी दर मार्चमध्ये करतो.

परीक्षेत नापास झालेल्या रंगीत गोळ्या परत वितळवता येतात. रंग जळताना उग्र धूर होतो, म्हणून हे काम उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाठीमागून घेऊन करा. मुख्य भांड्यात न टाकता वेगळ्या जुन्या लोखंडी भांड्यात वितळवा. जळालेला रंग आणि गॅस चेकच्या वाट्या वर तरंगतील, त्या झाऱ्याने काढा आणि खालच्या रसाच्या लगडी पाडून पुढच्या ओतकामासाठी कोरड्या जागी ठेवा.